अहो, किट चक्क उघडलं!

कोथरूडमधल्या एका प्रतिष्ठित, निवृत्त, सोसायटीचे हिशेब तपासणाऱ्या गृहस्थांनी परवा रात्री जेवणं आटोपल्यावर फ्रॉग कंपनीच्या सुपरमरीन अटॅकर या विमानाचं कधीच न उघडलेलं किट उघडलं. नुसतं झाकण वर करून पाहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आतली पिशवीसुद्धा फाडली! नाव सांगत नाही. मला याच सोसायटीत राहायचंय. पण सकाळच्या चहापर्यंत बातमी डोंबिवली, बेळगाव आणि बर्मिंगहॅमला पोहोचली होती, आणि बर्मिंगहॅमहून पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: "पन्नास वर्षं सांभाळलं होतं कुणीतरी. काय मिळालं यांना?"

काय मिळालं म्हणजे काय! राखाडी प्लास्टिकचे वाटीभर तुकडे, पिवळे पडलेले डीकल्स (विमानावर चिकटवायची चिन्हं) आणि घडीवर फाटलेला सूचनांचा कागद. पण ज्यांना या प्रकरणाचं गांभीर्य कळत नाही त्यांना आधी जरा पार्श्वभूमी द्यायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारपणी खेळतोय माणूस, खेळू दे.

तर मंडळी, आपल्यातच असा एक पंथ आहे, ज्याला १९५० ते १९७५च्या दरम्यान निघालेली, पहिल्या पिढीतल्या लढाऊ जेट विमानांची प्लास्टिकची किटंच हवी असतात. मीटिअर, व्हॅम्पायर, सेबर, मिग-१५, हंटर, सी हॉक. आणि खरी मेख ही की याच विमानांची नवी, अचूक, सुबक किटं बाजारात आहेत. एअरफिक्सने मीटिअर, व्हॅम्पायर आणि हंटर ही तिन्ही अलीकडे नव्या साच्यांतून काढली. भाग एकमेकांत असे बसतात की पुट्टीची गरज पडू नये. ती नकोत! का? तर म्हणे त्यात मजा नाही. यांना हवं असतं ते जुनं, वाकडं, सांध्यात फट राहणारं, नाकाचा आकार चुकलेलं किट. आणि त्यासाठी हे लोक परदेशातल्या अनोळखी माणसाला पैसे पाठवून कस्टमची ड्यूटीही आनंदाने भरतात. घरी विचारलं तर "स्वस्तात मिळालं" हे ठरलेलं उत्तर.

बरं, ज्या कंपन्यांवर एवढी भक्ती, त्यांचा इतिहास तरी बघावा! एअरफिक्स हे नाव ऐकलं की यांचे हात जोडले जातात. कंपनी काढली निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन निर्वासिताने, १९३९ साली, लंडनमध्ये. विमानांसाठी? छे. हवा भरायची रबरी खेळणी आणि नंतर कंगवे! नाव 'एअर'ने सुरू केलं, कारण व्यापारी यादीत पहिल्या पानावर यावं. पहिलं गाजलेलं मॉडेल फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरचं, आणि १९५२ साली वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला पिशवीतून विकलं ते 'गोल्डन हाइंड' जहाज. विमान आलं त्याच्या पुढच्या वर्षी, स्पिटफायर. आणि ते कसं आलं ऐका. अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीचं मोठं स्पिटफायर समोर ठेवलं आणि छोटं करून उतरवून काढलं! पुरावा काय म्हणाल, तर विमानाच्या अंगावरची बीटी-के ही चुकीची अक्षरंसुद्धा तशीच उतरली. शाळेत शेजारच्याच्या पेपरात बघून लिहिताना त्याच्या चुकाही लिहिणारी मुलं असतात ना, त्यातलाच प्रकार.

आता ऑरोराला बिचारी म्हणायला जाल तर थांबा. या ऑरोराबाईंनी स्वतःचा संसार थाटला तो हॉक कंपनीच्या पँथर आणि एफ-९० या दोन जेट विमानांची नक्कल करून. म्हणजे चोरावर मोर, आणि मोराच्या घरी पुन्हा चोरी.

आणि हे तर खेळण्यांचं झालं. खऱ्या विमानांत काय वेगळं होतं? १९४६ साली ब्रिटनच्या मजूर सरकारने रोल्स-रॉइसचं नीन हे जेट इंजिन सोव्हिएत संघाला विकायला परवानगी दिली. परवानगी देणारे व्यापारमंत्री कोण? सर स्टॅफर्ड क्रिप्स! तेच, १९४२ साली आपल्याकडे योजना घेऊन आले आणि हात हलवत परत गेले ते. आपल्याला द्यायचं तेव्हा हजार अटी; मॉस्कोला इंजिन मात्र पेटीत घालून पोहोचतं केलं. तिकडे त्यांनी ते उघडलं, मोजलं, उतरवून काढलं आणि मिग-१५मध्ये बसवलं. १९५०च्या नोव्हेंबरात कोरियावर मिग-१५ दिसली तेव्हा पाश्चात्त्य वैमानिकांची दातखीळ बसली. मग काही वर्षांनी एअरफिक्सने त्या मिग-१५चंही किट काढलं आणि इंग्लंडमधल्या पोरांनी खाऊच्या पैशांतून ते घेतलं. आपल्याच इंजिनाची नक्कल असलेल्या विमानाची नक्कल! कोथरूडच्या काकांना हे सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते रागाचं नसतं.

पण नक्कल परवडली, थापा नकोत. ऑरोराने पन्नाशीच्या दशकात मिग-१९चं किट काढलं. त्या वेळी खरं मिग-१९ पश्चिमेत कुणी धड पाहिलंही नव्हतं! मग किट कशावरून? अंदाजाने. रशियन लोक असं काहीतरी बनवत असतील, इतक्या भांडवलावर साचा कोरला. खरं विमान जगासमोर आलं तेव्हा दोघांत साम्य शोधायला भिंग लागलं असतं. असं किट कचऱ्यात जायला हवं की नाही? तेच आज सगळ्यात जास्त हवं असतं! बेळगावच्या एका डॉक्टरांनी ते मिळवलंय म्हणे, आणि दवाखान्यात रक्तदाब मोजायच्या यंत्राशेजारी ठेवलंय. पेशंटला विचारतात, "ओळखा कुठलं विमान?" पेशंट बिचारा काय सांगणार, ते विमान कधी नव्हतंच.

थापेचा कळस मात्र जरा अलीकडचा. १९८६ साली टेस्टर्स कंपनीने अमेरिकेच्या गुप्त 'स्टेल्थ' विमानाचं किट एफ-१९ नावाने बाजारात आणलं. विमान इतकं गुप्त की सरकार त्याचं अस्तित्वही मान्य करत नव्हतं, आणि इकडे दुकानात खोक्यावर चित्र! प्रकरण थेट अमेरिकी संसदेत गेलं. रॉन वायडन नावाच्या प्रतिनिधीने विचारलं की लोकप्रतिनिधींना जे बघायला मिळत नाही ते मुलांना दुकानात कसं मिळतं. १९८८ साली खरं विमान दाखवलं तेव्हा ते सगळीकडून पैलू पाडलेलं निघालं, आणि किट होतं गुळगुळीत गोलाकार. संसदेत चर्चा झाली ती चुकलेल्या खेळण्यावर! किट मात्र धो धो खपलं. चूक विकली जाते, मंडळी, आणि बरोबर उत्तरापेक्षा बरी विकली जाते, हे या धंद्याला फार लवकर कळलेलं दिसतं.

आता रिव्हेट. हा विषय जेवणाच्या टेबलावर काढू नका, एवढी विनंती. आमच्याकडे एकदा निघाला होता, आमटी गार झाली. जुन्या किटांवर पंखांवर, पोटावर, शेपटीवर सगळीकडे उठावदार रिव्हेट असतात. एक रिव्हेट धरा अर्धा मिलिमीटर. किट एकास बहात्तर प्रमाणातलं, म्हणजे खऱ्या विमानावर तो रिव्हेट झाला ३६ मिलिमीटरचा! ताशी हजार किलोमीटरच्या वेगाने जाणारं जेट, आणि अंगभर पेढ्याएवढे उंचवटे? खऱ्या विमानांचे रिव्हेट हवेला अडथळा नको म्हणून पत्र्याच्या पातळीत घासून बसवलेले असत. शिवाय पन्नाशीतल्या कित्येक किटांवर चिन्हं कुठे चिकटवायची त्याच्या रेघाही पंखावरच उठवलेल्या असत, पोरांचं चुकू नये म्हणून.

यावरून पंथात उभी फूट पडली आहे. एक गट पॉलिशपेपर घेऊन बसतो, सगळं घासून सपाट करतो आणि सुईने नव्या बारीक रेघा कोरतो. दुसरा गट म्हणतो, रिव्हेटाला हात लावाल तर खबरदार. तो इतिहास आहे. विमानाचा नव्हे हं, किटाचा इतिहास! पहिल्या गटाला दुसरा गट आळशी वाटतो, दुसऱ्याला पहिला गट मूर्तिभंजक. तिसरा गट सगळ्यात सोवळा. तो किट जोडतच नाही! उघडतही नाही. खोका कानाशी नेऊन हलवतो, आतला खुळखुळाट ऐकून सगळे भाग आहेत अशी खात्री करतो आणि कपाटात वर ठेवतो. डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडे अशी इतकी किटं आहेत की माणसाचं आयुष्य संपेल, किटं संपणार नाहीत, आणि त्यांच्या सौ.ना माहेरून आलेला शालू ठेवायला जागा नाही. या गटाला एकच भीती: मूळ कंपनीने जुना साचा बाहेर काढून तेच किट पुन्हा बाजारात आणलं तर? आणि एअरफिक्सने 'व्हिंटेज क्लासिक्स' या नावाखाली नेमकं तेच आरंभलं. ज्या किटाला काल सोन्याचा भाव होता ते उद्या दुकानात, नव्या डीकल्ससकट! त्या दिवशी डोंबिवलीच्या घरात रात्री खिचडी झाली म्हणतात.

जोडणारे तरी सुखी असतात का? नाव नको. पहिल्या पिढीतल्या बहुतेक जेट विमानांना पुढे नाकाखाली चाक. मॉडेलमध्ये मागचा भाग जड, नाक पोकळ. व्हॅम्पायरला तर शेपटीचे दोन दांडे मागे लांबवर आणि पुढे इवलंसं अंग. महिनाभर खपून, रंग देऊन, शोकेसमध्ये ठेवलं की विमान हळूच मागे बसतं, नाक वर करून. म्हणून नाकात आधीच शिसं भरायचं असतं. गळाला लावायचं शिसं, छर्रे, काय मिळेल ते. विसरलात तर शेपटीखाली पारदर्शक काडी लावावी लागते, आणि ती काडी पाहुण्यांच्या लक्षात आली की झाली बदनामी. कोथरूडच्या काकांनी अटॅकर का उघडलं असेल, याचा माझा अंदाज इथेच आहे. अटॅकर हे जेट असूनही शेपटीखाली चाक असलेलं विमान. ते मुळातच मागे बसलेलं! त्याचे पंखही स्वतःचे नव्हते, स्पाइटफुल नावाच्या पंख्याच्या विमानाचे उचलून लावलेले. आणि ब्रिटिश नौदलाखेरीज ते कुणी घेतलं? पाकिस्तानने. सोसायटीत ही शेवटची माहिती अजून पसरलेली नाही. कृपया जपून वापरा.

चिकटवायचं कशाने, हाही एक विषय आहे. घरातलं फेव्हिकॉल चालत नाही. या प्लास्टिकचं खास सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. त्याला येणारा वास साठीच्या दशकात अमेरिकेत इतका बदनाम झाला, पोरं तो हुंगून झिंगायला लागली, की १९६९ साली टेस्टर्सने त्यात मोहरीचं तेल घातलं. हुंगायला गेलं की नाकाडोळ्यांतून पाणी! ज्या गोष्टीने आपली फोडणी होते तिने तिकडे व्यसनमुक्ती केली. काकांकडे त्या काळातली ट्यूब आहे. वाळून दगड झाली आहे, पण टाकत नाहीत.

फ्रॉगची गोष्ट तर टीव्हीवर मालिका निघेल अशी. १९३६ साली प्लास्टिकची पहिली किटं काढली तीच यांनी, 'पेंग्विन' नावाने. पक्षी आहे पण उडत नाही, म्हणून पेंग्विन. त्या वेळचं सेल्युलोज अॅसिटेट वर्षागणिक वाकतं, त्यामुळे आज ती विमानं पंख मुरडून बसलेली सापडतात. पुढे सत्तरीच्या दशकात फ्रॉग बंद पडली आणि साचे विकायला निघाले. घेतले कुणी? सोव्हिएत संघाने! भांडवलशाही देशाच्या लढाऊ विमानांचे साचे कम्युनिस्टांच्या कारखान्यात गेले आणि दोनेत्स्कच्या खेळण्यांच्या कारखान्यातून मीटिअर आणि व्हॅम्पायर बाहेर पडू लागली. एक अट मात्र घातली. जर्मनी, जपान, इटलीची विमानं आम्हाला नकोत! महायुद्धाची जखम ओली होती. ते साचे रेव्हेल कंपनीकडे गेले. म्हणजे एका घराची भांडी वाटली जावीत तसे साचे वाटले गेले, आणि त्यावरून आजही या लोकांत "मूळ फ्रॉग की रशियन फ्रॉग" अशी कुळाची चौकशी होते. लग्न जमवताना होत नसेल इतकी.

खोक्यावरच्या चित्रांतही भानगड आहे. रॉय क्रॉस यांनी एअरफिक्ससाठी रंगवलेली चित्रं बघा: आग, धूर, कोसळणारी विमानं. नंतर कंपनीला वाटलं, हे फार हिंसक होतंय, म्हणून जुन्या चित्रांतले स्फोट पुसून टाकले. बॉम्बफेकी विमान उरलं, खाली काही पेटलेलं नाही! कुठे निघालंय ते, सहलीला?

तुम्ही म्हणाल, हे सगळं साहेबांचं. आपल्या लोकांनी त्यात का पडावं? तर आपलं नातं तिथेही निघतं, आणि ते थोडंथोडकं नाही. आपल्या हवाई दलात १९४८ सालीच व्हॅम्पायर आलं आणि पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टने ते बंगळुरात बनवलंही. (त्या विमानाचा वैमानिक बसतो तो भाग लाकडी होता, प्लायवूड आणि बाल्साचा! खरं विमान लाकडाचं आणि खेळणं प्लास्टिकचं.) फ्रान्सहून आलेल्या उरागानचं आपण तूफानी केलं. गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ला, पुण्याहून उडालेल्या कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, हंटरांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं. आणि नौदलाचे सी हॉक १९७१ साली विक्रांतवरून कॉक्स बझारवर गेले.

म्हणूनच या लोकांबरोबर गोव्याला जाऊ नये. विमान दाबोळीला उतरता उतरताच शेजारच्या अनोळखी बाईंना सांगायला लागतात की धावपट्टीवर बॉम्ब टाका पण टर्मिनलला धक्का लावू नका असा हुकूम होता. बाई घाबरून हवाईसुंदरीला बोलावतात. समुद्राकडे बघतसुद्धा नाहीत. टॅक्सी थेट बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात, आणि तिथे सी हॉकच्या चाकाच्या खोबणीत डोकं घालून फोटो. पोरं कंटाळलेली, बायको उन्हात, आणि हे आतून ओरडतात, "रंग हिरवट आहे गं!" मुंबईत नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात मारुत उभं आहे, कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने आपल्यासाठी आखलेलं, तिथे तर रविवारी दोन काका एकमेकांकडे पाठ फिरवून त्याच विमानाच्या दोन बाजू मोजताना सापडतील. बोलणं बंद आहे म्हणे. रिव्हेटांवरून.

भारतीय विमान करायचं तर चिन्हाचा घोळ. किट परदेशी, डीकल्स परदेशी. हेलर कंपनीच्या मिस्टेअर विमानाच्या किटवर फ्रान्सचं गोल चिन्ह, बाहेर लाल आणि मध्ये निळा. आपल्याला हवा बाहेर केशरी आणि मध्ये हिरवा. मग हाताने रंगवा. आणि केशरी नेमका कुठला, यावर जी वादावादी होते ती ऐकून कापडदुकानदाराने कान धरावेत. पिवळे पडलेले जुने डीकल्स खिडकीच्या काचेवर उन्हात चिकटवून ठेवले की पांढरे होतात, ही युक्ती खरीच आहे. त्यामुळे आमच्या सोसायटीत समोरच्या खिडकीवर ब्रिटिश हवाई दलाची निशाणी आठवडाभर दिसत होती आणि चेअरमननी लेखी खुलासा मागवला.

बर्मिंगहॅमचे जे गृहस्थ पहिल्यांदा रागावले त्यांच्याबद्दलही सांगायला हवं, म्हणजे एकतर्फी होणार नाही. इंग्लंडमधल्या टेलफर्डला दर नोव्हेंबरात मॉडेल करणाऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि तिथे जुन्या किटांची टेबलंच्या टेबलं लागतात. एका वर्षी हे सद्गृहस्थ तिथे होते आणि त्यांची सख्खी बहीण साताऱ्याहून भाऊबीजेला व्हिडिओ कॉल लावून, ताट सजवून, निरांजन हातात धरून बसली होती. भाऊराया फोन घेईना. शेवटी घेतला तेव्हा मागे खोक्यांचा डोंगर आणि हे कुजबुजत होते, "ताई, पाच मिनिटं थांब, एक माणूस माझ्या मीटिअरवर डोळा ठेवून आहे." ताईंनी फोनलाच ओवाळलं आणि ओवाळणीची रक्कम आधीच कळवून ठेवली. आता त्यांनी कोथरूडकरांना नीती शिकवावी?

आणि कोथरूडची ताजी बातमी काल रात्रीची आहे. अटॅकर उघडून काकांनी केलं काय, तर पहिल्या दिवशी पॉलिशपेपर घेऊन पंखावरचे सगळे रिव्हेट घासून काढले. सपाट, चकचकीत. दुसऱ्या दिवशी विमान हातात घेऊन बघितलं आणि चेहरा पडला. हे कुठल्याही नव्या किटासारखं दिसतंय म्हणाले. म्हणून आता परदेशातून कागद मागवलाय. त्यावर राळेचे इवले इवले उठावदार रिव्हेट असतात म्हणे, डीकलसारखे पाण्यात भिजवून एकेक रांग चिकटवायची. काकूंनी किंमत विचारली. काका म्हणाले, "स्वस्तात मिळालं."